चांदबीबीची तसबीर : एका राजचित्राची पाठचिकित्सा

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेस परांडा आणि आग्नेयेस नळदुर्ग असे दोन मातबर भुईकोट आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी पहिला निजामशाहीकडे व दुसरा आदिलशाहीकडे होता. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची पत्नी असलेल्या चांदबीबीच्या दृष्टीने पाहिले, तर परांडा हा तिच्या माहेरचा आणि नळदुर्ग हा सासरचा किल्ला होय. मधला मुलूख कोणाचा, हा वाद उभय घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. तो मिटावा व विजयनगरविरुद्ध एकजूट व्हावी म्हणून 1565 च्या लढाईपूर्वी हा विवाह घडवून आणण्यात आला आणि शेजारचा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकरांस देण्यात आला. नळदुर्गास दगडी तटबंदी घातली ती तिच्या पतीच्याच कारकीर्दीत. पुढे 1580 साली पती मारला गेला, नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि त्याच्या वतीने चांदबीबी कारभार पाहू लागली. त्या सुमारासच तिच्या माहेरच्या फौजांनी कुतुबशाही फौजेच्या साहाय्याने नळदुर्गास वेढा घातला. किल्ला पडला नाही. तथापि ज्या सोयरिकीचा पाया सीमेवरील किल्ल्यांवर रचला होता, तिची किंमत काय, हे या वेढ्याने उघड केले.

चांदबीबीच्या नावाने ओळखले जाणारे एक चित्र या मुलखाच्या इतिहासाची ओढ असलेल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. हातावर ससाणा घेतलेली, धावत्या घोड्यावर बसलेली स्त्री, बरोबर पायी चालणारे सेवक आणि मागे विस्तीर्ण भूप्रदेश अशी त्याची मांडणी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात असलेली प्रत 1700 च्या सुमाराची मानली जाते. याच मांडणीच्या इतरही बऱ्याच प्रती निरनिराळ्या संग्रहांत आहेत. चांदबीबीचा वध अहमदनगरच्या किल्ल्यात सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाला. म्हणजे व्यक्ती आणि चित्र यांच्यात शंभर वर्षांचे अंतर पडते. असे असताही पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून हे चित्र चांदबीबीचा चेहरा म्हणून दाखविले जाते. तो तिचा चेहरा आहे काय, आणि नसल्यास हे चित्र कशाचे आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाचा विचार युरोपातील बरोक राजचित्रांच्या संगतीत करणे सोयीचे आहे. कारण राजाच्या आप्ताचे चित्र म्हणजे काय, याचे नियम त्या चित्रांत सर्वांत स्पष्ट दिसतात. दख्खनच्या चर्चेत युरोपातील ही संज्ञा आणणे कोणास आगंतुक वाटल्यास त्याने शब्दाचा इतिहास पाहावा. ‘बरोक’ हा शब्द वेड्यावाकड्या मोत्यास लावल्या जाणाऱ्या पोर्तुगीज शब्दापासून आला, अशी एक प्रबळ व्युत्पत्ती आहे. त्या पोर्तुगीज शब्दाच्या जुन्या लिखित प्रयोगांपैकी एक गार्सिया द ओर्ता याच्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथात सापडतो, आणि हा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. ओर्ता हा वैद्य होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे असे व त्या सुलतानाच्या स्नेहाचा तो ग्रंथात अभिमानाने उल्लेख करतो. हा बुऱ्हाण म्हणजे चांदबीबीचा आजा. शब्द त्या वेळी केवळ मोत्याचा होता, चित्रकलेचा नव्हता. शैलीचे नाव म्हणून तो रूढ झाला तो फार मागाहून, आणि त्यास शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती वोल्फलिनच्या 1888 मधील ग्रंथानंतर. शब्दाच्या प्रवासावरून वस्तूचे नाते सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. पण हा शब्द या दारी अगदीच परका नाही, एवढे खरे.

बरोक दरबारातील आप्तचित्राचे उत्तम उदाहरण म्हणजे व्हेलास्केसने रंगविलेली स्पेनची राजकन्या मार्गारिता. तिचे गुलाबी पोशाखातील चित्र 1654 च्या सुमाराचे, पांढऱ्या पोशाखातील 1656 च्या सुमाराचे व निळ्या पोशाखातील 1659 चे. तिन्ही आज व्हिएन्नात आहेत, आणि ती तेथे का आहेत याचे उत्तर कलेच्या इतिहासात नसून नात्यागोत्याच्या इतिहासात आहे. मुलीचा विवाह लिओपोल्डशी व्हावयाचा होता. तो तिच्या आईचा सख्खा भाऊ, म्हणजे तिचा मामा. सोलापूर-धाराशिवपासून दक्षिणेकडे मामा-भाचीचा विवाह अपरिचित नाही. त्यामुळे येथील वाचकास यात विस्मय वाटण्याचे कारण नाही. विस्मयाची गोष्ट निराळीच आहे. मुलगी पाहण्यास पाहुण्यांनी यावे, ही आपली रीत. तेथे मुलगीच दर दोन-तीन वर्षांनी कापडावर उतरून पाहुण्यांकडे जात होती. वाढते वय, प्रकृती, वर्ण, चेहऱ्यातील घराण्याच्या खुणा, हे सर्व त्या चित्रांतून व्हिएन्नास कळत होते. 1666 साली विवाह झाला आणि 1673 साली, एकविसाव्या वर्षी, ती वारली. पोशाखाच्या रुपेरी वेलबुट्टीवर चित्रकाराचा हात किती मोकळेपणाने फिरला आहे, याची वाखाणणी समीक्षक करतात व ती योग्यच आहे. परंतु चित्राचे दरबारी प्रयोजन चेहऱ्यात होते. चेहरा चुकला असता तर चित्र रद्द ठरले असते. साम्य हा तेथे अलंकार नव्हता, ती करारातील अट होती.

यावर असा आक्षेप येईल की, मार्गारिता चित्रकारासमोर उभी होती, चांदबीबी मरून शंभर वर्षे झाली होती. तेव्हा ही तुलनाच अन्यायाची आहे. आक्षेप वाजवी आहे, पण त्याचे उत्तरही त्याच दरबारात मिळते. 1634-35 च्या सुमारास माद्रिदच्या नव्या राजवाड्यातील दिवाणखान्यासाठी व्हेलास्केस व त्याचे सहकारी यांनी राजकुटुंबाची पाच अश्वारूढ चित्रे सिद्ध केली. त्यांतील राजा तिसरा फिलिप 1621 साली व त्याची राणी मार्गारेता 1611 सालीच निवर्तली होती. म्हणजे ही दोन चित्रे मृतांचीच आहेत. परंतु राणी हयात असताना पान्तोखा दे ला क्रूथ याने 1606 साली तिचे चित्र केले होते. नव्या चित्राच्या मागे जुने चित्र आणि जुन्याच्या मागे प्रत्यक्ष राणी अशी साखळी तेथे दाखविता येते. सारांश, चित्र मरणोत्तर आहे एवढ्याने ते अविश्वसनीय ठरत नाही. साखळी अखंड आहे की तुटलेली, हे पाहावे लागते.

हा प्रश्न वस्तुतः पाठचिकित्सेचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतामुळे मराठी अभ्यासकास ही पद्धती ठाऊक झाली आहे. अनेक हस्तलिखिते पुढे ठेवावयाची, त्यांतील समान पाठ व समान प्रमाद यांवरून त्यांच्या शाखा ठरवावयाच्या, आणि सर्वांच्या मागे असलेल्या मूळ प्रतीकडे जितके जाता येईल तितके जावयाचे. चांदबीबीच्या चित्रांस ही पद्धती लावली असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, या प्रतींचे परस्परांशी साम्य मोठे आहे. घोडा, ससाणा, सेवक, भूप्रदेश, चेहऱ्याची एकचश्मी रेषा, हे घटक पुनःपुन्हा येतात. या एकमतावरून लोक असे अनुमान काढतात की, इतक्या चित्रकारांनी ती अशीच दाखविली, त्या अर्थी ती अशीच दिसत असली पाहिजे. अनुमान साफ चुकीचे आहे. प्रतींचे एकमत हा त्यांच्या समान पूर्वजाचा पुरावा असतो, वर्ण्य वस्तूचा नव्हे. शंभर हस्तलिखितांत एकच वाक्य आढळले, तर ते वाक्य मूळ ग्रंथात होते एवढेच सिद्ध होते. ते सत्य होते हे सिद्ध होत नाही. चित्रांच्या मागे एक आदर्श चित्र होते, हे मान्य करावे. त्या आदर्श चित्राच्या मागे चेहरा होता, यास पुरावा नाही.

दुसरी गोष्ट नावाची. दरबारी चित्रसंग्रहांत व्यक्तीचे नाव पुष्कळदा चित्रकाराहून निराळ्या हाताने व मागाहून लिहिले जात असे. मराठीतील ‘तसबीर’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थ केवळ आकार देणे, चित्रण करणे असा आहे. व्यक्तीच्या हुबेहूब चित्रास फारसी दरबारी भाषेत निराळा शब्द होता, ‘शबीह’. त्याचा धात्वर्थच सारखेपणा. मराठीने तसबीर घेतली, शबीह घेतली नाही, आणि मग दोहोंचे काम एकाच शब्दाकडून करून घेतले. व्यक्तीसारखे दिसणारे चित्र आणि व्यक्तीच्या नावाने चालणारे चित्र यांतील भेद त्यामुळे बोलण्यात बुजून जातो. ससाणा घेतलेली राजस्त्री हा चित्रकलेतील एक नमुना आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ते सामान्यनाम आहे. त्याखाली ‘चांदबीबी’ असे लिहिताच ते विशेषनाम होते, पण हा बदल रेषेने घडविलेला नसून अक्षरांनी घडविलेला असतो.

असे का व्हावे? दख्खनच्या दरबारांत चेहरा टिपण्याची विद्या नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. ज्या पुतण्यासाठी चांदबीबीने कारभार पाहिला, त्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची समकालीन चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये व प्रागच्या नाप्रस्तेक संग्रहालयात पाहावयास मिळतात. पहिल्यात त्याच्या हातात चिपळ्यांसारखे वाद्य आहे, दुसऱ्यात तो तंतुवाद्य वाजवीत आहे. गालांची ठेवण, दाढीची रेषा, अर्धवट मिटल्यासारखे डोळे यांवरून तो ओळखता येतो. त्याच्या पदरी हार्लेमचा कोर्नेलिस हेडा नावाचा डच चित्रकारही होता. नळदुर्गच्या बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात इब्राहीमने पाणीमहाल बांधला तो 1613 सालचा; त्या सुमारास युरोपातील चित्रविद्या अशी विजापुरास प्रत्यक्ष येऊन पोचली होती. अहमदनगर पडल्यावर ज्याने परांड्यास निजामशाहीची गादी पुन्हा मांडली, त्या मलिक अंबरचे 1620 च्या सुमाराचे हाशिमने केलेले चित्रही लंडनमध्ये आहे. पुतण्याचा चेहरा आहे, माहेरच्या सरदाराचा चेहरा आहे, मधल्या स्त्रीचाच नाही. तेव्हा उणीव हाताची नव्हती. कोणाकडे पाहावे व कोणाकडे पाहू नये, या नियमाची होती.

हा नियम अगदी अभेद्य होता असेही नाही, आणि त्याचा पुरावा चांदबीबीच्या घरातच आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी नावाच्या कवीने रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याची सचित्र पोथी आहे. कुलकर्णी व माटे यांनी तिची संपादित आवृत्ती 1987 साली प्रसिद्ध केली. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे हे काव्य 1565 च्या सुमाराचे आहे. त्यात कवीने राणी खुंजा हुमायूनच्या रूपाचेही वर्णन केले आहे आणि चित्रकाराने तिला राजाशेजारी बसवून दाखविले आहे. ही खुंजा हुमायून चांदबीबीची आई. पतीच्या मृत्यूनंतर तिने पुत्र मुर्तझाच्या नावाने कारभार केला व 1569 च्या सुमारास त्याच पुत्राने तिला कैदेत टाकले. पोथीतील अनेक चित्रांत राणीची आकृती पुसून वा रंग फासून नाहीशी केलेली आढळते. ती सत्तेवरून गेल्यानंतर हे झाले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. राजाशेजारची ती खरवडलेली जागा दख्खनी चित्रकलेतील अत्यंत बोलकी जागा होय. स्त्रीचे चित्र काढता येत होते, काढलेही गेले. परंतु ते तिच्या पदावर उभे होते, पद गेले की ते टिकू शकत नव्हते. आईचा चेहरा असा पुसला जाताना मुलीने पाहिला किंवा ऐकला असेल काय, याबद्दल कल्पना लढविण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी तसा चेहरा काढला गेल्याचा पुरावा नाही, एवढे पुरे.

लिखित साधनेही या बाबतीत चित्रांशी सुसंगत आहेत. फिरिश्ता हा इतिहासकार आधी अहमदनगरच्या व नंतर विजापूरच्या सेवेत होता, म्हणजे चांदबीबीचे माहेर व सासर दोन्ही त्याने आतून पाहिली होती. 1595-96 मध्ये शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने अहमदनगरच्या तटास सुरुंगाने खिंडार पाडले, तेव्हा चांदबीबी चिलखत घालून, नागवी तलवार हाती घेऊन तेथे उभी राहिली, असे तो सांगतो, आणि तिने चेहऱ्यावर बुरखा घेतला होता, हेही सांगतो. तिच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध क्षणी, शेकडो डोळ्यांसमोर, तिचा चेहरा झाकलेला होता. उत्तरकालीन चित्रकाराने तो उघडला. तो सुंदर आहे, पण तो कोणाही राजस्त्रीचा आहे.

हीच रिकामी जागा पुढे एका इंग्रजाने शब्दांनी भरून काढली. 1853 च्या तहान्वये निजामाने जो मुलूख कंपनीच्या हवाली केला, त्यातील नळदुर्ग-धाराशिवचा कारभार 1857 पर्यंत मेडोज टेलर याच्याकडे होता. नळदुर्गाचे बंधारे व महाल त्याने जवळून पाहिले. चांदबीबीवरील त्याची ‘ए नोबल क्वीन’ ही कादंबरी 1878 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, निघाली. कादंबरीकारास नायिकेला चेहरा द्यावाच लागतो; त्याबद्दल त्यास दोष देता येत नाही. दोष द्यावयाचा तो कादंबरीतील राणी व चित्रातील स्त्री यांना एकमेकांचा पुरावा म्हणून उभे करणाऱ्या उत्तरकालीन लेखनास. दोन कल्पना एकमेकींशी जुळल्या म्हणजे त्यांचे तथ्य होत नाही.

इतके म्हटल्यावर हे चित्र टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक होईल. पाठचिकित्सेत प्रक्षिप्त श्लोकही फेकून द्यावयाचा नसतो. तो ज्या काळाने घातला त्या काळाची साक्ष देतो. 1686 व 1687 साली विजापूर व गोवळकोंडा मोगलांच्या हाती गेले, नळदुर्गही गेला, अहमदनगरची निजामशाही तर 1636 मध्येच संपली होती. दख्खनी सुलतानशाहीतले काहीच उरले नव्हते, त्या काळात दख्खनच्याच चित्रकारांनी मोगलांना तटाशी थोपविणाऱ्या स्त्रीचे चित्र पुनःपुन्हा काढावे, यास काही अर्थ असला पाहिजे. मात्र तो अर्थ चेहऱ्यात शोधावयाचा नाही. घोड्यात व ससाण्यात शोधावयाचा आहे.

माद्रिदच्या अश्वचित्रांकडे पुन्हा एकदा पाहिल्यास हे स्पष्ट होईल. त्या मालिकेत राजांचे घोडे पुढील पाय उचलून उभे आहेत. राण्यांचे घोडे मात्र संथ चालीने चालले आहेत. बाल युवराजाचे तट्टूही उसळते आहे, कारण तो पुढे राज्य करणार आहे. कोणाचा घोडा उसळावा व कोणाचा चालावा, हे त्या दरबारात व्याकरणाइतके निश्चित होते, आणि राणी कितीही थोर असली तरी तिची चाल संथच. दख्खनी चित्रात असे नाही. तेथे चांदबीबीचा घोडा धावतो आहे. ससाणा हेही फारसी-दख्खनी चित्रपरंपरेत राजाचे लक्षण आहे. तो तिच्या हातावर आहे. चांदबीबी कायद्याने कधीच सुलताना नव्हती. विजापुरात तिचा अधिकार चुलतीचा होता. अहमदनगरात ज्या बालकाच्या नावाने ती लढली, त्या बहादूरच्या आजोबांची ती बहीण होती. तिची सारी सत्ता नात्याच्या संबोधनात सामावलेली होती, आणि तीही कधी मिळे, कधी हिरावली जाई; किश्वरखानाने तिला सातारच्या किल्ल्यात कैद केले होते, हे विसरता येत नाही. चित्रकाराने ही नात्याची भाषाच गाळून टाकली. चित्रात पुतण्या नाही, नातू नाही, शेजारी राजा नाही. आईच्या चित्रांत राजाजवळची आकृती पुसली गेली. मुलीच्या चित्रात पुसला गेला आहे तो राजा. बरोक आप्तचित्राने जे नाते सिद्ध करण्यासाठी चेहरा दाखविला, तेच नाते दूर सारण्यासाठी या चित्राने चेहऱ्याची पर्वा केली नाही.

तेव्हा चित्राखाली ‘चांदबीबी’ एवढेच न छापता ‘चांदबीबी, दख्खनी चित्रकाराच्या कल्पनेतून, सुमारे 1700’ असे छापणे अगत्याचे आहे. त्याहून महत्त्वाचे काम प्रतींच्या संकलनाचे आहे. जुन्या चित्रशाळांत नक्कल करावयाची ती चरब्यावरून. मूळ चित्रावर पारदर्शक कातडे ठेवून रेषा उतरवीत, तिच्यावर बारीक छिद्रे पाडीत आणि कोळशाची पूड त्यांतून झाडून नव्या कागदावर आकृती उठवीत. चरबा उलटा ठेवला की चित्र आरशातल्यासारखे फिरते. पूर्वेकडे शिकारी पक्षी प्रायः उजव्या हातावर घेण्याची चाल होती, युरोपात डाव्या. म्हणून ज्या प्रतींत ससाणा डाव्या हातावर आला असेल, त्या उलट्या चरब्यावरून उतरल्या असण्याचा संभव मोठा, आणि त्यांची एक निराळी शाखा मानावी लागेल. शाखांची मांडणी येथून सुरू करावयास हरकत नाही. प्रथम हात पाहावा, मग घोड्याची दिशा, मग सेवकांची संख्या. चेहरा सर्वांत शेवटी.